बॅटरी ते सेल्फ : दीड-दोन मीटर तांबं

घरातला गीझर दोन किलोवॅटचा असला तर २३० व्होल्टवर तो जेमतेम नऊ अँपिअर करंट खेचतो. इस्त्री, मिक्सर, फ्रिज, पंखे सगळं एकदम लावलं तरी साध्या घराचा मुख्य स्विच ३२ किंवा ४० अँपिअरला पडतो. आता अंगणात उभा असलेला ट्रॅक्टर बघा. चावी फिरवल्यापासून इंजिन पकडेपर्यंत जे दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्या वेळात बॅटरीपासून सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवून देणाऱ्या मोटरपर्यंत, गेलेल्या एका तारेतून दोनशे ते तीनशे अँपिअर वाहतात. पाच-सहा घरांचे मेन स्विच पाडायला पुरेल एवढा करंट, आणि तो वाहून नेणारी केबल अंगठ्याएवढी जाड, दोन-तीन हात लांब, तेलकट, चिखलाने माखलेली. गाडी घेताना तिच्याकडे कुणी पाहत नाही आणि गाडी सुरू होईना की सगळ्यात शेवटी तिची आठवण येते. तोवर नवी बॅटरी आणून झालेली असते.

एवढा करंट लागतो, कारण व्होल्टेज कमी आहे. काम किती होणार हे व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकारावर ठरतं. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनात हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, आणि थंड इंजिन त्या दाबाविरुद्ध फिरवायला दोन-अडीच किलोवॅट ताकद लागते. घरच्या विजेवर एवढी ताकद नऊ ते अकरा अँपिअरमध्ये मिळाली असती. बॅटरी मात्र बारा व्होल्टची, आणि भार पडल्यावर तीही दहा-साडेदहा व्होल्टपर्यंत खाली येते. मग अँपिअर अडीचशेवर जाणारच. त्यातही पहिला क्षण सगळ्यात कठीण असतो. मोटर फिरू लागली की तिच्यात उलटा विद्युत दाब तयार होतो आणि तो करंटला आवर घालतो. ती थांबलेली असताना हा आवर नसतो. बॅटरी, केबल आणि मोटरच्या वेटोळ्यांचा मिळून जो काही रेझिस्टन्स असेल तेवढीच अडवणूक. म्हणून चावी फिरवल्या क्षणी करंट पाचशेच्या पुढे उसळतो आणि मोटर वेगात येताच खाली उतरतो.

मोटारीचं इंजिन विजेने सुरू करायची व्यवस्था रुळवली ती अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या चार्ल्स केटरिंग यांनी. त्याआधी इंजिन सुरू करायचं म्हणजे समोरून हँडल मारायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. आपल्याकडे अँबॅसिडरच्या तोंडाशी हँडल घालायची सोय होती, त्यामुळे हा प्रकार पाहिलेली माणसं अजून आहेत. केटरिंग पूर्वी गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते आणि तिथे त्यांनी गल्ल्याला छोटी मोटर बसवली होती. गल्ल्याची मोटर दिवसभर चालत नाही, क्षणभर जोर लावते आणि थांबते. म्हणून लहान मोटरवर तिच्या ऐपतीपेक्षा कितीतरी जास्त भार टाकला तरी ती जळत नाही. हेच त्यांनी मोटारगाडीला लावलं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ही व्यवस्था आली आणि १९१९ मध्ये फोर्डच्या मॉडेल टी गाडीलाही सेल्फ मिळू लागला.

त्या पहिल्या कॅडिलॅकमध्ये दिवे सहा व्होल्टवर चालत, पण सुरू करताना बॅटरीचे भाग एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट केले जात. केटरिंग यांना करंटची अडचण किती नेमकी कळली होती हे यातून दिसतं. व्होल्टेज चौपट केलं की तेवढ्याच कामाला करंट पाव लागतो, आणि तारेत वाया जाणारी ताकद करंटच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने ती सोळाव्या हिश्शावर येते. पुढे गाड्या साध्या करण्याच्या ओघात सहा व्होल्टच रूढ झाले. १९५० च्या दशकात इंजिनं मोठी झाली, तेव्हा अमेरिकी कारखान्यांनी बारा व्होल्ट स्वीकारले. ट्रक आणि मोठ्या बसमध्ये आजही दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट करतात, ते याच हिशेबाने. टेस्लाने २०२३ मध्ये आणलेल्या सायबरट्रकात तर दिवे-मोटरींची बहुतेक व्यवस्था ४८ व्होल्टवर नेली आहे. पण रस्त्यावरच्या बहुतेक कार, जीप, ट्रॅक्टर अजून बारा व्होल्टवरच आहेत, आणि बारा व्होल्ट आहेत तोवर जाड तांब्याला पर्याय नाही.

किती जाड? हे गणित शाळकरी मुलालाही जमेल असं आहे आणि ते प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहिलेलं असावं असं मला फार वाटतं. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या, एक मीटर लांबीच्या चांगल्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स २० अंश सेल्सिअसला ०.०१७२ ओहम असतो. लांबी वाढली की तो त्या पटीत वाढतो, जाडी वाढली की त्या पटीत कमी होतो. ट्रॅक्टरमध्ये बॅटरीपासून सेल्फपर्यंत सव्वा मीटर आणि परतीच्या अर्थिंगची अर्धा-पाऊण मीटर, अशी एकूण १.८ मीटर केबल धरू. कंपनीने ३५ चौरस मिलिमीटरची, म्हणजे दुकानाच्या भाषेत ३५ एमएमची, केबल दिली असेल तर तिचा रेझिस्टन्स एका ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरतो. अडीचशे अँपिअरला तिच्यात ०.२२ व्होल्ट पडतात. म्हणजे बॅटरीच्या टोकाला साडेदहा व्होल्ट असतील तर सेल्फला सव्वादहाच्या वर मिळतात.

आता ही केबल घासून तुटली आणि हंगामाच्या गडबडीत कुणीतरी १० एमएमची लावली. रबर जाड आहे, त्यामुळे वरून दोन्ही सारख्याच दिसतात. हिच्यात पाऊण व्होल्टच्या वर पडतात. टर्मिनल ढिलं असेल तर तिथे आणखी अर्धा व्होल्ट सहज जातो. सेल्फला उरतात सव्वानऊ. खरं तर व्होल्टेज पडलं की करंटही थोडा आटतो, म्हणून हा हिशेब ढोबळच आहे. पण दिशा बरोबर आहे. सेल्फचा जोर व्होल्टेजच्या जवळजवळ वर्गात घटतो, त्यामुळे एका व्होल्टच्या घटीने पाचवा हिस्सा जोर जातो. एप्रिलच्या दुपारी तो ट्रॅक्टर तरीही सुरू होतो. डिसेंबरच्या पहाटे मात्र तेल घट्ट असतं, बॅटरीही थंडीने आळसावलेली असते, आणि सेल्फ रडत रडत दोन फेरे घेऊन थांबतो. घरातून आवाज येतो, "बॅटरी गेली वाटतं."

याहून दचकवणारा आकडा उष्णतेचा आहे. ३५ एमएमच्या केबलमधून अडीचशे अँपिअर पाच सेकंद गेले तर तिचं तांबं एक-सव्वा अंशाने तापतं. हाताला कळतही नाही. १० एमएमच्या केबलमध्ये त्याच पाच सेकंदांत ते पंधरा अंशांनी तापतं. जाडी साडेतीन पट कमी झाली तर तापणं साडेतीनच्या वर्गाने, म्हणजे बारा पटीने वाढतं. इंजिन पकडत नाही म्हणून चालकाने अर्धा मिनिट सेल्फ मारत ठेवला, तर बारीक केबलचं तापमान आधीच्या तापमानाहून नव्वद अंशांनी वर जाऊ शकतं. साध्या पीव्हीसीच्या आवरणाची मर्यादा ७० अंशांची आहे. शिवाय तांबं जितकं तापेल तितका त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. इंजिनाशेजारी आधीच ८० अंशांना तापलेली केबल २० अंशांवरच्या केबलपेक्षा जवळपास पाव पटीने जास्त अडवते. महामार्गावर ढाब्यापाशी थांबलेली गाडी दहा मिनिटांनी सेल्फ घेत नाही आणि तासाभराने निमूट सुरू होते, या तक्रारीमागे पुष्कळदा हे कारण असतं.

ज्याला 'सेल्फ कटकट करतोय' म्हणतात, तो आवाजही बघण्यासारखा आहे. सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड बसवलेला असतो. चावी फिरवली की त्याच्या वेटोळ्यातला चुंबक लोखंडी दांडा ओढतो. दांड्याने सेल्फचे दाते इंजिनाच्या दात्यांशी जुळतात आणि त्याच्याच टोकाला असलेली तांब्याची पट्टी दोन जाड बोल्ट जोडते. मोठा करंट सुरू होतो. वाट अरुंद असेल तर त्याच क्षणी व्होल्टेज इतकं पडतं की चुंबकाला दांडा धरून ठेवता येत नाही. दांडा सुटतो, करंट तुटतो, भार गेल्याने व्होल्टेज पुन्हा चढतं, चुंबक पुन्हा दांडा ओढतो. कट, कट, कट. उतरलेल्या बॅटरीनेही असंच होतं, म्हणून दोष कोणाचा हे आवाजावरून सांगता येत नाही. प्रत्येक कटकटीला पट्टी आणि बोल्ट यांच्यात ठिणगी उडते आणि तांबं खरवडून जातं. पंधरा दिवस हे चालू दिलं की सेल्फच उघडावा लागतो. म्हणजे दोष केबलचा, आणि बॅटरी आणि सेल्फ या दोन्ही महाग वस्तूंचं बिल मालकाच्या माथी.

यातून वाचायला लागतो तो साधा मल्टीमीटर. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खांबावरच टेकवा, त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नको. काळं टोक सेल्फच्या त्या बोल्टवर, जिथे जाड केबल येऊन बसते. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि फिरतानाचा आकडा वाचा. खांबापासून बोल्टपर्यंतच्या वाटेत जेवढं व्होल्टेज हरवलं तेवढंच मीटर दाखवतो. जुने ऑटो इलेक्ट्रिशियन प्लसच्या बाजूला ०.२ ते ०.३ व्होल्ट चालवून घेतात. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर केबल किंवा तिची टोकं यांत खोट आहे, बॅटरी कितीही नवी असो. मग लाल टोक खांबावरून क्लॅम्पवर सरकवून पुन्हा मोजा. आकडा एकदम खाली आला तर चोर खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्येच बसलाय. पॉलिश पेपरने घासलं की काम झालं. या सगळ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. तरीही बॅटरी बदलण्याआधी हे करणारी गॅरेजं मोजकीच आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हीच तपासणी मायनसच्या बाजूनेही करायची असते आणि ती बहुतेक जण विसरतात. बॅटरीपासून बॉडीपर्यंतची छोटी अर्थिंगची केबल सोडली तर गाडीत परतीची वेगळी तार नसते. बॉडी, चासी आणि इंजिन हेच परतीचा रस्ता. पण इंजिन चासीला घट्ट पिळलेलं नसतं, ते रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून चासीपर्यंत तांब्याची विणलेली चपटी पट्टी जोडतात. गिअरबॉक्सच्या किंवा क्लचच्या कामात ही पट्टी काढतात आणि लावायची राहून जाते. बोल्ट उरला तर डब्यात टाकतात. मग अडीचशे अँपिअर दुसरी वाट शोधतात. इंजिनाला टेकलेली आणि बॉडीला बांधलेली अशी लोखंडाची बारीक दोरी बहुतेक गाड्यांत असते : क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारला की तिच्यातून धूर निघतो, आतलं प्लास्टिक वितळून ती जाम होते. मालक नवी क्लच केबल घालतो आणि आठवड्यात तीही जळते. दोन वेळा जळालेली क्लच केबल दिसली की आधी खाली वाकून अर्थिंगची पट्टी जागेवर आहे का ते पाहावं.

तांबंच का, हा प्रश्न इथे विचारायला हवा. चांदी तांब्याहून थोडी बरी वाहक आहे, पण परवडणारी नाही. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के भरते. आणि तांब्या-तांब्यातही फरक असतो. १८५७ मध्ये अटलांटिकच्या तळातून तारेची केबल टाकायची तयारी चालू असताना ग्लासगोच्या विल्यम थॉमसन यांनी बाजारात मिळणाऱ्या तांब्याच्या तारा तपासल्या. सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या तारांची वाहकता फार वेगवेगळी निघाली. कारण अशुद्धी. १९१३ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने मऊ केलेल्या तांब्याचं माप ठरवून टाकलं : एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर जाड, २० अंशांवर, एक भागिले अठ्ठावन्न ओहम. वर आपण वापरलेला ०.०१७२ हा आकडा तिथलाच.

सगळ्यात घातक अशुद्धींपैकी एक म्हणजे फॉस्फरस. हजारात एक भागाहून कमी असला तरी तो वाहकता ठळकपणे खाली आणतो. आणि फ्रिजच्या, एसीच्या नळ्यांच्या तांब्यात तो मुद्दाम घातलेला असतो, कारण त्याने नळ्यांचं झाळकाम चांगलं होतं. नळ्यांच्या जागी ते उत्तम तांबं. पण अशा नळ्या, जुन्या तारा आणि कल्हई लागलेलं भंगार एकत्र वितळवून, शुद्ध न करता, सळई ओढली तर तिची केबल दिसायला लालबुंद आणि कामाला कमजोर निघते. म्हणून चांगल्या केबलचं तांबं विद्युत पृथक्करणाने शुद्ध केलेलं, ९९.९ टक्क्यांच्या वरचं असतं. गोंदियाच्या पलीकडे बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची मोठी तांब्याची खाण आहे; तिथल्या दगडात तांबं एक टक्क्याच्या आसपास. ती खाण ज्या हिंदुस्थान कॉपरची, त्याच कंपनीने नवी मुंबईजवळ तळोज्याला तांब्याच्या अखंड ओतीव सळया बनवण्याचा कारखाना उभारला.

अशी आठ मिलिमीटरची सळई एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या साच्यांतून ओढतात. सळईची तार ०.२ मिलिमीटरची होईपर्यंत तिची लांबी सोळाशे पट होते. एक मीटरचे दीड किलोमीटरहून जास्त. ओढताना तांबं कडक होतं, म्हणून भट्टीतून काढून पुन्हा मऊ करतात आणि मग शेकडो तारा एकत्र पिळतात. २५ एमएमची मऊ बॅटरी केबल कापून पाहिली तर तिच्यात केसासारख्या जवळपास आठशे तारा निघू शकतात. तेवढ्याच जाडीची घराच्या मीटरपाशी असलेली केबल मोजक्या जाड तारांची असते. करंटच्या दृष्टीने दोन्ही सारख्या. जास्त तारा म्हणजे जास्त करंट, असं दुकानदार सांगतात ते बॅटरीच्या डीसी करंटला लागू नाही. एकूण तांबं किती तेवढंच मोजायचं. बारीक तारांचा फायदा वेगळा आहे. डिझेल इंजिन हादरतं, रबरावर डुलतं, आणि केबलचं एक टोक त्याच्यासोबत दिवसभर हलतं. जाड तार वाकून वाकून तुटते, बारीक तारांचा जुडगा तग धरतो. आयएस ८१३० या भारतीय मानकात तारांच्या मऊपणाचे वर्ग दिलेले आहेत. हलणाऱ्या जागी पाचवा किंवा सहावा वर्ग मागावा.

मापाच्या नावातही घोळ आहे. आपल्याकडे केबल चौरस मिलिमीटरमध्ये विकली जाते आणि ते सरळ आहे : आकडा मोठा, तांबं जास्त. बाहेरून आलेल्या कार ऑडिओच्या किंवा इन्व्हर्टरच्या केबलवर अमेरिकी गेज असतं, आणि तिथे आकडा मोठा होतो तशी तार बारीक होते. ४ गेज म्हणजे साधारण २१ एमएम, २ गेज म्हणजे ३३, शून्य गेज म्हणजे ५३. मोटर रिवाइंडिंगवाले जे गेज बोलतात ते ब्रिटिश, त्याचे आकडे आणखी वेगळे. म्हणून केबल मागताना गेज सोडून थेट एमएमच बोलावं.

आता बाजारातल्या लबाडीबद्दल. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर चढवलेली केबल मिळते. तिला इंग्रजी आद्याक्षरांनी सीसीए म्हणतात. घोटाळा असा की बॅटरीच्या लेबलवरही सीसीए छापलेलं असतं. तिथे त्याचा अर्थ उणे १८ अंश थंडीत बॅटरी अर्धा मिनिट किती अँपिअर देऊ शकते असा आहे, आणि तो आकडा जितका मोठा तितका चांगला. केबलवरचं सीसीए मात्र सावध करणारं. दहा टक्के तांब्याच्या थराची केबल शुद्ध तांब्याच्या जेमतेम ६३ टक्के वाहक असते. वरच्या उदाहरणातल्या १० एमएमच्या जागी ती असती तर पाऊण व्होल्टऐवजी सव्वा व्होल्ट पडले असते. ओळखायला कठीण नाही. ॲल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हलकं असल्याने केबल हातात घेताच ती पोकळ वाटते. एक तार ब्लेडने खरवडली की आत पांढरं चमकतं. लायटरची चांगली ज्योत बारीक तारेच्या टोकाला धरली तर ॲल्युमिनियमचं टोक मऊ पडून लोंबतं, तांबं लाल होतं पण उभं राहतं. पहिलं ६६० अंशांना वितळतं, दुसरं १०८५ अंशांना. वेल्डिंगची केबल मऊ असते म्हणून बरेच मेकॅनिक तीच वापरतात. चालते, पण तीही दोन्ही धातूंत मिळते, तेव्हा खरवडून घ्यावी.

ॲल्युमिनियम वाईट आहे असं मात्र म्हणणार नाही. काही गाड्यांत बॅटरी मागे डिकीत असते. तिथून पुढच्या सेल्फपर्यंत साडेचार मीटरची ७० एमएम तांब्याची केबल टाकली तर नुसतं तांबंच पावणेतीन किलोच्या वर भरतं. तेवढ्याच रेझिस्टन्सची ॲल्युमिनियमची केबल ११५ एमएमची लागेल, पण वजन निम्मं होईल. म्हणून मोठे कारखाने ती विचारपूर्वक वापरतात, टोकं खास पद्धतीने जोडतात. कारण हवा लागताच ॲल्युमिनियमवर वीज अडवणारा थर चढतो, आणि बोल्टखाली दाबल्यावर ते हळूहळू पसरून ढिलं पडतं. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये ती काळजी घेता येत नाही. तिथे तांबंच घालावं.

चांगली केबल आणूनही काम टोकांपाशी बिघडतं. तारांवर बसवायचं थिंबल तांब्याचं, कल्हई केलेलं आणि नेमक्या मापाचं हवं. २५ एमएमच्या केबलला ३५ चं थिंबल घालून छन्नी-हातोड्याने चेपलेलं मी किती तरी ट्रॅक्टरवर पाहिलं आहे. वरून घट्ट दिसतं, आत निम्म्या तारा मोकळ्या. हायड्रॉलिक प्रेसने षटकोनी दाबलेल्या थिंबलमध्ये तारा एकमेकींत इतक्या रुततात की कापून पाहिलं तर भरीव तांबंच दिसतं; आत हवा शिरायला जागा नसते. डाग देऊन केलेलं टोक काही जणांना जास्त पक्कं वाटतं. पण नेहमीचा शिसं-कथलाचा डाग १८३ अंशांच्या आसपास वितळतो, आणि तो तारांतून वर चढून मऊ केबलचा दोन-तीन सेंटिमीटर भाग ताठ करून टाकतो. हादऱ्याने केबल तुटते ती बरोबर त्या ताठ भागाच्या कडेला. माझं मत प्रेसच्या बाजूने आहे, आणि वरून आत चीक असलेली हीट श्रिंकची नळी. ही नळी शोभेसाठी नाही. बॅटरीच्या वाफेतलं आम्ल उघड्या टोकातून केबलच्या आत शिरतं आणि रबराखाली तांबं काळं पडत जातं. जुन्या केबलचं टोक कापलं आणि तारा काळ्या निघाल्या तर आणखी चार बोटं कापा. तिथेही काळ्याच असतील तर केबल टाकून द्या. तिला नवं थिंबल लावण्यात अर्थ नाही.

बॅटरीच्या खांबावर निळसर-पांढरी बुरशी धरते ती याच आम्लाची करणी. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ती धुवायची, घासून उजळ करायचं, क्लॅम्प आवळायचा आणि मग वरून व्हॅसलीन. आणखी एक गोष्ट : प्लसचा खांब मायनसपेक्षा थोडा जाड असतो, आणि लहान जपानी धाटणीच्या बॅटरीचे दोन्ही खांब मोठ्या बॅटरीपेक्षा बारीक असतात. क्लॅम्प मापाचा नसला की तो हलतो. मग फटीत खिळा ठोकतात. खिळ्याने दोन-तीन जागीच टेकाव मिळतो आणि ठोकताना खांबाच्या बुडाशी भेग पडून आम्ल वर यायला लागतं. मापाचा क्लॅम्प किरकोळ पैशांत मिळतो.

शेवटी केबल जाते कुठून हे पाहायचं. सेल्फच्या या मुख्य केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो, कारण एवढा करंट रोजच जायचा असतो. म्हणून ही केबल घासून बॉडीला टेकली तर अडवणारं काहीच नाही. बॅटरी हजारावर अँपिअर ओतते आणि आवरण पेट घेतं. पत्र्यातून जाताना रबरी ग्रॉमेट हवा, सायलेन्सरपासून हातभर अंतर, दर वीतभर अंतरावर पट्टीने बांधणी. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या बोनेटखाली उंदीर ऊब शोधतात आणि आवरण कुरतडतात, तेव्हा तिथे जाळीदार नळी चढवलेली बरी. काम करताना आधी मायनस सोडायचा, जोडताना मायनस शेवटी. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर तो पाना जागेवर वेल्ड होतो; हातात अंगठी किंवा कडं असेल तर तेही.

नवी केबल बसली, इंजिन एकदा तापून निवालं, की पुन्हा मीटर लावा. खांबापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत किती पडले आणि मायनसच्या खांबापासून इंजिनापर्यंत किती, हे दोन आकडे तारखेसह टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी थंडी पडायच्या आधी तेच मोजा. ०.२ चे ०.४ झाले असतील तर बॅटरीच्या दुकानात जाण्याआधी पॉलिश पेपर आणि पाना काढा.